सिस्टर, एक विचारू? : साखर आणि किडनी एकाच घरात

(मधुमेह आणि किडनीचा आजार एकत्र सांभाळणाऱ्या घरांतून आलेली ही पत्रं. नावं-पत्ते आमच्याकडे आहेत, छापलेले नाहीत. उत्तरं देणाऱ्या सिस्टरांनी मेडिकल वॉर्ड आणि डायलिसिस विभागात नोकरी केली, नंतर नर्सिंग कॉलेजात शिकवलं. – संपादक)

प्रश्न : माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत. वीस वर्षांपासून शुगर, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. पूर्वी सकाळची साखर १८०-२००च्या खाली येत नसे. गेल्या काही महिन्यांत ती आपोआप ९०-१००वर आली आहे. मामंजी स्वतःच दोन-दोन, चार-चार युनिट कमी करत आले. जांभळाच्या बियांची पूड घेतात, तिचाच गुण म्हणतात. 'दिवाळीपर्यंत सुई सुटणार' असं सगळ्यांना सांगून झालंय. पण जेवण कमी झालंय, संध्याकाळी पायावर सूज येते, पहाटे घामाघूम होऊन उठतात. मला आनंद मानावा की काळजी करावी, कळत नाही.
– एक सून, बार्शी

उत्तर : काळजी करा, आणि याच आठवड्यात करा.

जुना मधुमेह, पायावर सूज, भूक मेलेली आणि इन्सुलिनची गरज आपोआप उतरलेली. एवढं एकत्र दिसलं की आमच्या डोक्यात पहिला विचार किडनीचा येतो. इन्सुलिन काम झाल्यावर शरीराला मोडावं लागतं, आणि बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनचा मोठा वाटा किडनी मोडते. ती मंदावली की कालचं इन्सुलिन आज पहाटेपर्यंत अंगात काम करत राहतं. त्यात जेवण घटलेलं. साखर खाली येणारच. मधुमेह बरा होतोय असं घरच्यांना वाटतं, आणि खरं तर दुसरा अवयव हात टेकत असतो. डायलिसिस विभागात पहिल्यांदा आलेल्या किती जणांच्या घरचे सांगायचे, 'सिस्टर, शुगर तर वर्षभर एकदम चांगली होती हो.' ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड अशा गोळ्यांचंही तसंच होतं, किडनी मंद झाली की त्यांचा असर लांबतो. त्यांना इन्सुलिनसोबत अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

पहाटेचा घाम म्हणजे बहुतेक साखर खाली जाणं. घाम आलेला असताना, नाहीतर एखाद्या रात्री तीन वाजता उठवून ग्लुकोमीटरवर बघा. ७०च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्या. संत्र्याचा रस किंवा शहाळं देऊ नका. एरवी चाललं असतं, पण त्यांत पोटॅशियम भरपूर आणि किडनीची शंका असताना ते नको. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. आणि असा आकडा सापडला तर पुढच्या इन्सुलिनआधी डॉक्टरांना फोन करा.

तपासण्या चार सांगा : क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा) आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन. नुसतं क्रिएटिनिन बघून 'थोडंसंच वाढलंय' म्हणून कोणी परत पाठवलं तर ऐकू नका. किडनीची जवळजवळ निम्मी ताकद गेल्यावरच तो आकडा ठळक वाढतो. लघवीतलं अल्ब्युमिन त्याच्या बरंच आधी बोलतं, ३०च्या खाली ठीक आणि ३००च्या वर गेलं की प्रकरण गंभीर. हिमोग्लोबिन कशाला, तर किडनीच्या आजारात रक्त कमी होतं आणि मग तीन महिन्यांच्या सरासरीचा एचबीए१सी खोटाच चांगला दिसू शकतो. त्यांचा तो रिपोर्टही आत्ता बहुधा छान आला असेल.

आणखी एक. ईजीएफआर ३०च्या खाली निघाला तर पुढे रक्त काढताना, सलाईन लावताना न लिहिणाऱ्या हाताची मनगटापासून वरची शीर वापरू देऊ नका, तळहाताच्या मागची द्या. पुढे डायलिसिसची वेळ आलीच तर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर धमनीला जोडण्याचं ऑपरेशन, त्याच शिरांवर करतात. हे लॅबवाल्याला आपणच सांगावं लागतं.

आता मामंजींचं. त्यांना रागावू नका. रोज साखर मोजणं, आकडा बघून डोस बदलणं, बदल लक्षात ठेवणं हे त्यांनी स्वतः केलं. स्वतःच्या आजाराची सूत्रं स्वतःच्या हातात घेणं म्हणतात ते हेच. कारण तेवढं चुकीचं धरलं. डोस कमी केला हे तर त्यांच्या पथ्यावरच पडलं असेल. 'तुमच्यामुळे वेळेत कळलं' असं म्हणून त्यांना घेऊन जा, आणि ती पूड पाकिटासकट डॉक्टरांपुढे ठेवा. अशा सुट्या पुडींत काय मिसळलेलं असतं ते पाकिटावर छापलेलं नसतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६१, वजन ६० किलो. मधुमेहाच्या डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर आहे : मोडाची कडधान्यं, कोशिंबीर, फळं, नाचणी खा. किडनीच्या दवाखान्यातला कागद म्हणतो : डाळ कमी, फळं बंद, भाज्या उकळून पाणी फेका, टोमॅटो-बटाटा नको. दोन्ही कागद फ्रिजवर शेजारी-शेजारी लावले आहेत. सौ. म्हणते, आता फक्त फ्रिजच खायचा राहिलाय. माझा ईजीएफआर ३८, पोटॅशियम ४.४, एचबीए१सी ७.६ आहे.
– इचलकरंजी

उत्तर : वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एका वाक्यात जे म्हटलं ते आम्ही वर्गात तासभर शिकवतो.

गुरुजी, दोन्ही कागद छापील आहेत, त्यांवर तुम्ही नाही. पोटॅशियम ४.४ म्हणजे मजेत आहे, साधारण साडेतीन ते पाच चालतं. ते वाढलेलं नसताना भाज्या उकळून पाणी फेकायचं कारण नाही. त्या पाण्याबरोबर चव जाते, जीवनसत्त्वं जातात आणि जेवणावरची वासनाही. पेरू, सफरचंद, पपई यांतलं एखादं फळ जेवणाच्या मधल्या वेळी बेताने घ्या. रक्तदाबाची गोळी बदलली किंवा वाढवली, तर आठवड्या-दोन आठवड्यांनी पोटॅशियम पुन्हा तपासून घ्या. तेव्हा साडेपाच आलं तर उकळणं, शहाळं बंद, टोमॅटो बंद हे सगळं सुरू होईल. पथ्य रिपोर्टवर चालतं, आजाराच्या नावावर नाही.

प्रथिनांचा हिशेब करू, तुम्हाला आवडेल. डायलिसिस नसताना किलोमागे ०.८ ग्रॅम धरतात, म्हणजे तुम्हाला दिवसाला ४८. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या दोन भाकऱ्यांत दहाएक ग्रॅम. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साडेसहा. पेलाभर दुधात सहा. एका अंड्यात सहा. दोन्ही वेळची भाकरी, एक वाटी वरण, थोडी उसळ, दूध किंवा दही असं धरलं तर तुम्ही ४८च्या आसपासच असता. म्हणजे डाळ बंद करायची नव्हतीच. रोज दोन वाट्या मटकी आणि वर डब्यातली प्रोटीन पावडर, हे नको. (डायलिसिस सुरू झालं की हा नियम उलटतो, प्रथिनं वाढवावी लागतात. शेजारच्या डायलिसिसवाल्या काकांचं पथ्य उचलू नका आणि तुमचं त्यांना देऊ नका.)

दोन्ही कागद ज्यावर एकमताने बोलतात ते मीठ, आणि तिथे मी कडक आहे. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, चहाचा एक सपाट चमचा. तुमच्या भागात ते भाजीत कमी आणि ताटाच्या कडेला जास्त असतं : ठेचा, लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, चार वाजताचं भडंग. भज्यांतल्या खायच्या सोड्यातही सोडियमच असतं. शेंदेलोणाने काही सुटत नाही, तेही मीठच. आणि दुकानात 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ घेऊच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

आता ते कागद फ्रिजवरून काढा. वहिनींना सोबत घेऊन आहारतज्ज्ञांकडे जा आणि 'काय खाऊ नको' विचारण्याऐवजी कालच्या दिवसभरात खाल्लेलं सगळं लिहून समोर ठेवा. यातलं काय बदलू, एवढंच विचारा.

प्रश्न : एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या प्रबंधाचा विषय : मधुमेह आणि दीर्घकालीन किडनी विकार असलेल्या रुग्णांच्या स्व-व्यवस्थापनाविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. साठ रुग्ण, पूर्वचाचणी, फ्लिपचार्ट घेऊन शिकवणं, सातव्या दिवशी उत्तरचाचणी. विषय मंजूर आहे. पण तुम्ही एका व्याख्यानात 'असले प्रबंध कपाट भरायला बरे' म्हणालात आणि माझी झोप उडाली.
– सांगली

उत्तर : अगं, झोप उडावी म्हणूनच म्हणाले होते.

साठ जणांना आज शिकवलंस आणि सातव्या दिवशी तेच प्रश्न विचारलेस, तर गुण वाढणारच. न वाढले तर बातमी. टी-चाचणी लागू पडेल, पी ०.०५च्या खाली, म्हणजे निकाल 'लक्षणीय', येईल, बाइंडिंग होईल. आणि आठव्या दिवशी तो माणूस पूर्वीसारखाच मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणेल, कारण गुडघा दुखतोय आणि बागायतीतलं काम थांबत नाही. त्याला माहीत नव्हतं असं नाही. ओपीडीत बसून एकदा विचारून बघ, निम्म्याहून जास्त गोष्टी ते तुला तोंडपाठ सांगतील.

आपल्या शास्त्राने हे कधीच ओळखलंय. डोरोथिया ओरेम या अमेरिकन परिचारिकेने १९५९पासून मांडलेला विचार तू शिकलीस : माणूस स्वतःची काळजी स्वतः घेत असतो आणि जिथे तो कमी पडतो तिथे परिचारिका भर घालते. परीक्षेत आपण त्याचा तक्ता काढतो आणि प्रबंधात दुसऱ्या प्रकरणात टाकून मोकळे होतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७मध्ये म्हटलं की कळण्याइतकंच 'हे मला जमेल' असं वाटणं महत्त्वाचं. केट लोरिग मुळात परिचारिका. त्यांनी स्टॅनफर्डमध्ये ते प्रत्यक्ष करून पाहिलं. आठवड्याला एक बैठक, असे काही आठवडे, शिकवणारे बहुतेक स्वतःच रुग्ण, आणि दर बैठकीच्या शेवटी प्रत्येकाने पुढच्या आठवड्यात नेमकं काय करणार ते सांगायचं. १९९९मध्ये ९५२ रुग्णांवरचा अभ्यास छापला. सहा महिन्यांनी बघितलं तर त्या गटाची तब्येत बरी राहिली होती आणि दवाखान्यात भरती होणंही कमी झालं होतं. त्यांनी सहा महिने थांबून पाहिलं, हे लक्षात घे.

तुझ्या विषयाच्या अगदी जवळचं काम मेलबर्नचं आहे. ॲलिसन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी मधुमेह, किडनी विकार आणि उच्च रक्तदाब तिन्ही असलेले ८० रुग्ण घेतले. एका गटाकडे परिचारिका घरी गेली, औषधं एकेक काढून पाहिली, रक्तदाब स्वतः मोजायला शिकवला, एक छोटी चित्रफीत दिली आणि तीन महिने दर पंधरा दिवसांनी फोन केला. फोनवर उपदेश नाही, प्रश्न विचारून त्यालाच वाट काढू द्यायची. २०१२मध्ये निष्कर्ष छापले : रुग्णांना ते आवडलं, जवळजवळ सगळे शेवटपर्यंत टिकले, पण दोन गटांच्या रक्तदाबातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. मला तो अभ्यास तुमच्या सगळ्या 'अत्यंत परिणामकारक' प्रबंधांपेक्षा प्रिय आहे. एवढं करूनही आकडा हलत नाही म्हणजे काम किती अवघड आहे, ते त्यात प्रामाणिकपणे लिहिलंय.

विषय मंजूर आहे तर तो राहू दे. पण गाइडना भेट आणि एवढं जोडून घे. सातव्या दिवसाबरोबर बाराव्या आठवड्यात एक भेट ठेव. तुलनेला दुसरा गट घे, त्यांना शिकवणी शेवटी दे म्हणजे अन्याय होत नाही. ज्ञानाच्या प्रश्नांसोबत करण्याचे प्रश्न विचार : गेल्या सात दिवसांत किती दिवस पायांचे तळवे पाहिले, किती दिवस साखर तपासली. अशी प्रश्नावली बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे, तुझ्या ग्रंथालयात सापडेल. आणि सांगण्यावर विसंबू नकोस. ग्लुकोमीटर हातात घेऊन त्याची मेमरी उघड, गोळ्यांच्या उरलेल्या पट्ट्या मोज. नीतिशास्त्र समितीची परवानगी आणि सीटीआरआयची (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतली) नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी, नंतर नाही.

शिवाय दहा जणांशी तासभर बोल, फॉर्म बाजूला ठेवून. माझ्या वॉर्डात एक एसटीच्या कंडक्टरबाई होत्या, फाइलवर 'औषधं नियमित घेत नाहीत' असा शेरा. लघवी जास्त होण्याची गोळी त्या ड्युटीच्या दिवशी गाळायच्या. लांब पल्ल्याच्या फेरीत बायकांनी जायचं कुठे? गोळीची वेळ ड्युटीनंतरची करून घेतली, तो शेरा गेला. तुझ्या ज्ञान-चाचणीत त्यांना पैकीच्या पैकी पडले असते. असे प्रश्न तुझ्या साठांत किती जणांचे आहेत, हे तू शोधून काढलंस तर तो प्रबंध मी वाचायला मागवीन.

प्रश्न : पत्नीला मधुमेह, किडनी 'थोडी वीक' सांगितली आहे. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून गोळी आणतो. तिने काही होत नाही ना?
– नंदुरबार

उत्तर : होतं. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही नावं पाकिटावर बारीक अक्षरात असतात, चष्मा लावून वाचा. या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात, आणि रक्तदाबाच्या व लघवीच्या गोळीबरोबर घेतल्या तर जास्तच. दुखणं असह्य असेल तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. गुडघ्याला शेक आणि मांडीचे व्यायाम यांना लोक हसतात, पण फिजिओथेरपीकडे एकदा नेऊन आणा.

त्याच कागदावर हेही लिहून ठेवा : जुलाब-उलट्या लागल्या, पोटात पाणी ठरेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन, आणि नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' असलेली गोळी यांपैकी काय तात्पुरतं थांबवायचं ते विचारा, आणि पुन्हा कधी सुरू करायचं तेही. लोक थांबवतात आणि महिनोन् महिने विसरतात. इन्सुलिन मात्र मनाने बंद करायचं नाही.

प्रश्न : वय ४६, नोकरी करते. दहा वर्षं मधुमेह, आता लघवीतून प्रोटीन जातंय. सगळं करते हो, मोजते, लिहिते, चालते. मग एखादा आठवडा येतो आणि मी मशीनकडे बघतसुद्धा नाही. घरचे म्हणतात, 'तुलाच तुझी काळजी नाही.' मला माझाच राग येतो.
– ठाणे

उत्तर : ताई, तुम्ही दोन नोकऱ्या करता आणि दुसरीला रविवार नाही. ज्युलिएट कॉर्बिन या परिचारिका आणि अँसेल्म स्ट्राउस हे समाजशास्त्रज्ञ, या दोघांनी १९८०च्या दशकात दीर्घ आजार असलेल्या जोडप्यांशी बोलून तीन प्रकारची कामं वेगळी मांडली : औषध-पथ्याचं काम, घर-नोकरी चालू ठेवण्याचं काम, आणि आजारामुळे उलटंपालटं झालेलं मन व पुढचं आयुष्य जुळवण्याचं काम. घरचे आणि डॉक्टर पहिलं तेवढंच मोजतात. तुम्ही तिसरं एकट्या करताय, आणि तुमचा तो 'आठवडा' तिथून येतो. याला मधुमेहाचा ताण म्हणतात, तो आळस नव्हे. पुढच्या भेटीत याच शब्दांत डॉक्टरांना सांगा. झोप, भूक, रडू यांवर परिणाम होत असेल तर मानसोपचाराचीही मदत मागा.

काय ढिलं करता येईल हेही विचारा. नुसत्या मेटफॉर्मिनवर असाल तर रोज बोट टोचायची गरज बहुधा नसते. इन्सुलिन असेल तर असते. रक्तदाबाची गोळी आणि रात्री पाय बघणं मात्र त्या आठवड्यातही सुटू देऊ नका. लघवीतून प्रोटीन जात असताना रक्तदाब १३०/८०च्या खाली राहणं किडनीला फार उपयोगी पडतं. यजमानांना एक काम द्या : दर रविवारी गोळ्यांची सात खणांची डबी भरणं. देखरेख करायची नाही, फक्त डबी भरायची. घरच्यांना काम दिलं की बोलणं आपोआप कमी होतं, असा माझा अनुभव.

प्रश्न : आईचं इन्सुलिन तेच, युनिट तेवढेच, फ्रिजच्या दारातच ठेवतो. पण नवीन सिरिंजचं पाकीट आणल्यापासून साखर तीनशेच्या वर.
– परभणी

उत्तर : सिरिंजची टोपी बघा, कोणत्या रंगाची आहे? आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. चाळीसच्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, शंभरच्या बाटलीला नारिंगी. तुमची बाटली चाळीसची असणार आणि नवीन सिरिंज नारिंगी टोपीची. तिच्यावर २० च्या रेषेपर्यंत भरलं की आईच्या अंगात २० नाही, फक्त ८ युनिट जातात. उलट झालं, शंभरची बाटली आणि लाल टोपी, तर २० च्या जागी ५० जातात, आणि ते जिवावर बेतू शकतं. रेषांचा हिशेब करून तीच सिरिंज वापरत बसू नका. बाटली आणि जुन्या सिरिंजची टोपी घेऊन दुकानात जा, बाटलीवरचा ४० किंवा १०० आकडा दुकानदाराला दाखवा आणि जुळणारी मागा. बरोबर सिरिंज आल्यावर पहिले दोन-तीन दिवस साखर जेवणाआधी आणि झोपताना तपासा. मधल्या काळात कोणी डोस वाढवून दिला असेल तर आधी डॉक्टरांना फोन करून तो जुन्यावर आणून घ्या, मगच टोचा.